सात किलो आणि वर वीस ग्रॅम

"आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणून निरीक्षकांनी चहाचा कप स्टुलावर ठेवला आणि ज्यांचा विश्वास बसणार नव्हता त्या सगळ्यांकडे एकेकदा पाहून घेतलं.

सगळे म्हणजे फार कोणी नव्हते. किराणा दुकान जवळजवळ रिकामं झालं होतं. गल्ल्यामागे त्यांची मोठी बहीण, म्हणजे ताई, बसली होती. रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर दोन जुनी गिऱ्हाइकं होती. पालथ्या घातलेल्या डब्यावर निरीक्षकांची बायको होती. आणि सगळ्यांकडे पाठ करून, निळा स्वेटर घालून, फळ्या पुसत उभे होते ते ताईचे यजमान, भाऊजी. ते ऐकताहेत की नाही हे पाठीवरून कळत नव्हतं. गेल्या अकरा वर्षांत निरीक्षकांच्या वाट्याला भाऊजींची पाठच तेवढी आली होती, आणि तिच्यावरून काही कळत नाही हे त्यांना पाठ झालं होतं.

निरीक्षकांनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. ते काय सांगत होते ते आपण शेवटी ऐकूच. आधी घडलं कसं ते सांगितलेलं बरं, कारण त्यांच्या सांगण्यात आणि घडण्यात फरक आहे. थोडासाच. वीस ग्रॅमचा.

निरीक्षक म्हणजे वजनमापं तपासणारे निरीक्षक. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी ते भाजी आणायला म्हणून बाजाराच्या तोंडाशी आले की पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत खोकल्याची साथ पसरायची. एकाने खोकायचं, दुसऱ्याने ते ऐकून पुढच्यासाठी खोकायचं. साहेब भाजीपाशी पोचायच्या आत खबर पोचलेली असायची. निरीक्षक याला आदर समजत. "बाजारात धूळ फार झालीय," असं बायको म्हणे, ती बिचारी त्यांचं मन राखायला.

त्यांच्याकडे स्वतःचं एक पितळी वजन होतं, एक किलोचं. सरकारी संच वेगळा, तो कचेरीत कुलपात असे, हे घरचं. काही माणसं छत्रीशिवाय घराबाहेर पडत नाहीत, तसे निरीक्षक या वजनाशिवाय पडत नसत. नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कचेरीतल्या मंडळींनी त्यावर चार स्क्रूंनी एक जाडजूड पितळी पाटी बसवून दिली. पाटीवर निरीक्षकांचं नाव आणि खाली 'पंचवीस वर्षांची अचूक सेवा'. दर रविवारी निरीक्षक ते वजन घासूनपुसून चकचकीत करत आणि पाटीतल्या अक्षरांत अडकलेली घाण टाचणीने काढत. दुसऱ्यांच्या वजनांवर ताजा शिक्का आहे की नाही हे भिंगातून पाहणाऱ्या या माणसाने आपलं वजन मात्र पाटी बसवल्यापासून एकदाही तपासून घेतलं नव्हतं. ते कोणाकडून घ्यायचं? घड्याळजीने रस्त्यात थांबून दुसऱ्याला वेळ विचारावी, तसं दिसलं असतं ते.

अकरा वर्षांपूर्वी एका सुट्टीत निरीक्षक सहज बहिणीकडे गेले, सहज दुकानात बसले, आणि समोर तराजू लोंबकळतोय हे त्यांना सहन झालं नाही. एका पारड्यात त्यांनी आपलं वजन ठेवलं, दुसऱ्यात दुकानाचं. त्यांचं पारडं खाली गेलं. दुकानाच्या बाजूला वीस ग्रॅमची भर घातली तेव्हा कुठे काटा मधोमध आला. दुकानात त्या वेळी सहा गिऱ्हाइकं होती. निरीक्षक सहाही जणांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाऊजी, किलोमागे वीस ग्रॅम मारताय की!"

भाऊजींनी हात पुसले. ते वजन त्यांनी उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं, दुसरं आणलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला साखर मोजून दिली. फक्त त्या दिवसापासून ते निरीक्षकांशी बोलेनासे झाले. सगळं जग ज्यांना साहेब म्हणे, त्यांना एकटे भाऊजी 'छोट्या' म्हणत. लग्नात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा निरीक्षक अर्ध्या चड्डीत होते, तेव्हापासूनचं ते. त्या वजनाबरोबर ते 'छोट्या'सुद्धा वरच्या फळीवर जाऊन बसलं.

आणि तीन आठवड्यांपूर्वी ताईचा फोन आला.

"दुकान बंद करतोय आम्ही. यांचे गुडघे आता उभं राहू देत नाहीत. आजपासून तिसऱ्या रविवारी शेवटचा दिवस. तू यायचंस."

"ते बोलतील माझ्याशी?"

"ते मला माहीत नाही. पण भांडलात दुकानात, तर मिटवायचं पण दुकानातच. दुकानच गेलं की मग काय, फोनवर मिटवणार? तू ये. आणि हे बघ, येताना तोंड जरा आवरून ये."

रेल्वेने जायचं तर दीड दिवस, आणि निरीक्षकांच्या बायकोची कंबर अर्ध्या दिवसाचीच हमी देत होती. तेव्हा विमान ठरलं. रविवारी सकाळी जायचं, मंगळवारी परत. आयुष्यातलं पहिलं विमान. तिकिटाचा कागद हातात आला तेव्हा निरीक्षकांनी चष्मा पुसून तो वाचायला घेतला आणि पहिल्याच नियमापाशी त्यांचे डोळे पाणावले. हातातली बॅग : सात किलो, पंचावन्न गुणिले पस्तीस गुणिले पंचवीस सेंटिमीटर. वजन आणि माप, दोन्ही एकाच ओळीत! सहा वर्षं कोणी त्यांना काही मोजायला सांगितलं नव्हतं. त्यापुढच्या ओळी त्यांनी वाचल्याच नाहीत. गरजच वाटली नाही.

बातमी जिन्यावरून वर गेली आणि विमानवाले खाली आले. विमानवाले म्हणजे वरच्या मजल्यावरचे शेजारी. नऊ वर्षांपूर्वी ते एकदा विमानाने गेले होते, तेव्हापासून हे नाव पडलं. येताना ते रेल्वेने आले होते, पण त्याबद्दल कोणी विचारत नसे.

"साहेब, एक गोष्ट ध्यानात ठेवा," विमानवाले खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "बॅग हातातच ठेवायची. खाली टाकायला दिली की गेली. माझी गेली होती."

"परत मिळाली नाही?"

"मिळाली. पण मधली चाळीस मिनिटं मी कशी काढली ते मला विचारा."

"आणि माप जरा जास्त झालं तर?"

"तिथे लोखंडी पिंजरा असतो. त्यात बॅग घालून दाखवावी लागते. नाही गेली, तर बॅग बाजूला घेतात."

"आणि माणसाला?"

"माणसाला बॅगेबरोबर," विमानवाले म्हणाले, आणि समोरच्या बशीतलं शेवटचं बिस्किट उचलून वर गेले.

त्या रात्री निरीक्षकांना झोप आली नाही. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना बाजूला घेतलं होतं. आता त्यांनाच कोणीतरी बाजूला घेणार होतं. सकाळी उठून ते तडक सुताराकडे गेले आणि आतून बरोबर पंचावन्न, पस्तीस, पंचवीस भरेल असं बिनझाकणाचं खोकं करायला सांगितलं.

"कोंबड्यांसाठी का साहेब?" सुताराने विचारलं.

"विमानासाठी."

सुताराने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि करवत उचलली. पहिलं खोकं दोन मिलिमीटरने मोठं झालं. दुसरं एका कोपऱ्यात तिरकं गेलं. तिसरं चोख निघालं. सुतार ते त्यांच्या हातात देताना म्हणाला, "साहेब, आता यात हवासुद्धा मोजूनच जाईल." निरीक्षकांना ते कौतुक वाटलं. पुढे काय होणार याची ती पूर्वसूचना होती हे तेव्हा दोघांनाही कळलं नाही.

खोकं खांद्यावर, टेप खिशात, पितळी वजन पिशवीत, अशा थाटात निरीक्षक बॅगांच्या बाजारात शिरले. खोकला सुरू झाला. पण या वेळी नुसता खोकला पुरला नाही. साहेब काहीतरी मोठं यंत्र घेऊन आलेत असं पाहून दुकानांची शटरं धडाधड खाली आली. भर दुपारी अख्खी गल्ली बंद. निरीक्षक एका शटरवर टकटक करून म्हणाले, "अहो, मला बॅग घ्यायचीय." आतून आवाज आला, "साहेब, आम्ही बॅगा विकतच नाही." वर पाटीवर चार फुटी अक्षरांत 'बॅगा' लिहिलं होतं.

शेवटी एक नवं दुकान उघडं सापडलं. त्याचा मालक गावात नवीन होता, त्यामुळे त्याला खोकला येत नव्हता.

"ही घ्या काका, विमानाचंच माप," तो चाकांची एक निळी बॅग सरकवत म्हणाला.

टेप लागला. "सत्तावन्न," निरीक्षक म्हणाले.

"ते चाकं धरून हो. चाकं कोण मोजतं?"

"का? चाकं विमानाच्या बाहेरून येणार आहेत का मागे मागे?"

मालकाने दुसरी दाखवली. ती मापात बसली, पण काट्यावर ठेवली तर रिकामीच तीन किलो दोनशे. "अहो, निम्मं वजन बॅगेचंच!" निरीक्षक म्हणाले. "मग मी काय बॅगेलाच फिरवून आणू?" तिसरीला आत इतके कप्पे होते की त्यातल्या एका कप्प्यात निरीक्षकांचा चष्मा हरवला आणि तो शोधायला दोन गिऱ्हाइकं लावावी लागली. चौथी मात्र करड्या कापडाची, चाकं नसलेली, सातशे ग्रॅमची. निरीक्षकांनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला.

इथे ती विकत घेऊन घरी यायचं होतं. पण रिकामी बॅग कुठेही बसते. खरी परीक्षा भरलेल्या बॅगेची, असं म्हणून निरीक्षकांनी मालकाकडची रद्दी तिच्यात ठासून भरायला लावली, चेन ओढली आणि बॅग खोक्यात दाबली. बॅग सुंदर बसली. चारी बाजूंना केसभर फट नाही. निरीक्षकांनी अभिमानाने मालकाकडे पाहिलं आणि बॅग बाहेर काढायला गेले.

बॅग निघेना.

निरीक्षकांनी ओढली. मालकाने ओढली. मालकाने खोकं पायात धरलं आणि निरीक्षकांनी बंद धरून ओढलं. चष्मा शोधणारी दोन गिऱ्हाइकं मदतीला आली. शेवटी खोकं उलटं करून आपटलं, तर बॅग नव्हे, मालकाचा टेबलफॅन खाली पडला. मालक घाम पुसत म्हणाला, "काका, ही बॅग आता तुमचीच."

तर ती अशी निवडली गेली. खोक्यात अडकलेली, रद्दीने भरलेली बॅग डोक्यावर घेऊन निरीक्षक घरी निघाले. वाटेत बंद शटरं एकेक वीत वर झाली आणि आतून डोळे दिसू लागले. कोपऱ्यावर विमानवाले भेटले.

"काय साहेब, कोंबड्या?"

सुताराला घरी बोलवावं लागलं. त्याने आपल्याच हातचं खोकं करवतीने कापलं, आणि कापताना हळहळत म्हणाला, "इतकं चोख काम पुन्हा होणे नाही." चोख कामाबरोबर बॅगेची एक बाजूही चार बोटं कापली गेली. ती चांभाराने शिवून दिली. त्याच्याकडे करडा दोरा नव्हता, म्हणून पांढऱ्याने. ऑपरेशन करून घेतलेल्या पोटासारखी दिसू लागली ती बॅग.

मग भरणं सुरू झालं. रद्दीवाल्याकडून लटकता काटा आणला. प्रत्येक वस्तू काट्याला लागली आणि वहीत गेली. टूथब्रशची अर्धी दांडी कापली. डावी चप्पल उजवीपेक्षा चार ग्रॅमने जड निघाली, तेव्हा आपण आयुष्यभर एका अंगाला झुकून चालतोय की काय या शंकेने निरीक्षक तासभर घरात येरझाऱ्या घालत होते आणि बायकोला मागून पाहायला लावत होते. बायकोची स्वतःची खांद्याची जुनी थैली होती. "माझ्या थैलीला हात लावायचा नाही," एवढं सांगून ती मोकळी झाली होती. तीन आठवडे तिच्या हातात सुया होत्या. भाऊजींसाठी निळा स्वेटर विणत होती ती. भाऊजी आडव्या हाडाचे, त्यामुळे स्वेटरही आडवा होता. काट्यावर सहाशे चाळीस ग्रॅम.

शनिवारी संध्याकाळी बॅग बरोबर सात किलो भरली आणि निरीक्षक समाधानाने खुर्चीत टेकले. टेकल्या टेकल्या उठले.

"त्यांचा काटा खरा कशावरून?"

"कोणाचा?" बायकोने विचारलं.

"विमानतळाचा. मी बरोबर सात किलो घेऊन जाणार आणि त्यांनी सांगायचं साडेसात. मग मी काय करू? माझं वजन बरोबर पाहिजे."

"अहो, ते एक किलोचं धूड!"

"म्हणून एक किलो कमी करतो."

बॅगेतून स्वेटर बाहेर आला, जाड टॉवेल बाहेर आला, दाढीचा डबा बाहेर आला, आणि बरोबर एक किलो कमी झाल्यावर पितळी वजन आत गेलं. ते तेवढं काट्याला लावलं नाही. वजनाचं वजन कोण करतं? सहा अधिक एक, सात.

बायकोने बाहेर आलेला स्वेटर उचलून मांडीवर घेतला. "अकरा वर्षांनी माणसाच्या दारात जाताय," ती म्हणाली. "त्याला द्यायची वस्तू काढून, ज्याच्यामुळे भांडण झालं तेच घेऊन चाललात."

"अगं, तत्त्व असतं काही."

सकाळी निघताना निरीक्षकांनी पाहिलं तर तिने तो स्वेटर अंगात घातला होता. बाह्या बोटांच्या पुढे वीतभर लोंबत होत्या, घेर गुडघ्यापर्यंत, आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"उकडेल ना तुला?"

"तत्त्व असतं काही," ती म्हणाली.

विमानतळावर तो लोखंडी पिंजरा खरोखरच होता. एका खांबाआड उभा होता आणि कोणीतरी त्यात चहाचे रिकामे कागदी कप टाकले होते. निरीक्षकांनी कप काढून बाजूला ठेवले, बॅग आत घातली, अलगद बाहेर काढली आणि कोणी पाहिलं का म्हणून आजूबाजूला बघितलं. एका झाडूवालीने पाहिलं. "कप परत ठेवा आत," ती म्हणाली.

काउंटरवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवायला सांगितली. लाल आकडे थरथरले आणि थांबले : ७.०२.

"ठीक आहे," मुलगी म्हणाली आणि पट्टी बांधायला लागली.

"ठीक कसं?" निरीक्षक म्हणाले. "वीस ग्रॅम जास्त दाखवतोय."

"चालतं तेवढं काका."

आता, या जगात कोणाही शहाण्या माणसाने 'थँक्यू' म्हटलं असतं आणि तो पुढे गेला असता. पण चौतीस वर्षांत निरीक्षकांनी 'चालतं तेवढं' हे वाक्य चारशे दुकानदारांच्या तोंडून ऐकलं होतं आणि चारशेही जणांवर खटले भरले होते. त्यांना माफी मिळत होती, आणि ती त्यांना घशाखाली उतरेना.

"चालतं म्हणजे? माझी बॅग बरोबर सात आहे. तुमचा काटा खोटा आहे!" असं म्हणून त्यांनी बॅगेची चेन उघडली, पितळी वजन काढलं आणि एकटं काट्यावर ठेवलं.

१.०२.

"बघा!" निरीक्षक रांगेकडे वळून म्हणाले. "एक किलोला एक किलो वीस!" रांग चांगलीच प्रभावित झाली. कोणीतरी टाळीही वाजवली. मुलगी घाबरून पर्यवेक्षक बाईंना घेऊन आली. त्या शांत होत्या. "शेजारच्या काट्यावर ठेवून पाहू या," त्या म्हणाल्या.

१.०२.

"हाही खोटा!" निरीक्षक गर्जले. तिसऱ्यावर गेले. चौथ्यावर. आता निम्मी रांग आपलं सामान सोडून त्यांच्या मागे फिरत होती आणि बायको सगळ्यात शेवटी, स्वेटरच्या बाहीने कपाळ टिपत. पाचव्या काट्यापाशी निरीक्षकांचा आवाज थोडा खाली आला. सहाव्यावर त्यांनी वजन दोन्ही हातांनी, लहान मूल पाळण्यात ठेवावं तसं ठेवलं. सातव्यावर ठेवताना त्यांनी डोळेच मिटले.

"एक पूर्णांक शून्य दोन," मागून कोणीतरी मोठ्याने वाचलं. टाळी कोणी वाजवली नाही.

"सात काटे आहेत साहेब," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. "हा शिक्का बघा. याच महिन्याचा आहे. तुमच्या वजनावर कधीचा आहे?" निरीक्षकांनी वजन उलटं केलं. शिक्क्यावरचं साल वाचून त्यांनी ते लगेच सुलटं केलं. "पाटी मात्र छान आहे," बाई म्हणाल्या. "बरं, हे धूड विमानात हातात नेता येणार नाही हं. बॅगेत ठेवा आणि बॅग खाली टाका."

"पण मला बॅग हातातच..."

"तुमच्या तिकिटावर खाली टाकायला पंधरा किलो फुकट आहेत. प्रत्येकी पंधरा. ही काय, दुसरी ओळ."

निरीक्षकांनी दुसरी ओळ वाचली. खोकं, करवत, पांढरा दोरा, अर्धा टूथब्रश, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. आणि मग करडी बॅगही गेली, पट्ट्यावरून डुलत डुलत, रबरी पडद्याच्या आत.

"थांबा, हा स्वेटर..." असं म्हणत बायकोने एक बाही काढली, तोवर पडदा पडला होता. तिने बाही परत घातली.

विमान उडालं. निरीक्षकांनी खिडकीतून बाहेर पाहिलंच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे लाल आकडे होते.

"पाटी," बायको अचानक म्हणाली.

"काय पाटी?"

"काही नाही. छान आहे म्हणाली ना ती."

ती पाटी. जाडजूड. चार स्क्रू. निरीक्षकांनी मनातल्या मनात ती काढली, तळहातावर ठेवली आणि चौतीस वर्षांच्या सरावाच्या हाताने तोलली. मग त्यांना अकरा वर्षांपूर्वीचं ते खाली गेलेलं पारडं दिसलं, आणि सहा गिऱ्हाइकं, आणि वरच्या फळीकडे जाणारा भाऊजींचा हात. विमान ढगात शिरलं तेव्हा सगळे घाबरले. एकट्या निरीक्षकांना वाटलं, हे जरा इथेच थांबलं तर बरं.

उतरेपर्यंत त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दुकानात शिरायचं आणि पहिलं वाक्य बोलायचं : भाऊजी, माझं चुकलं. चार शब्द सुद्धा नाहीत.

दुकानात शिरले. ताईने "आलास!" म्हणून त्यांच्या गालावरून हात फिरवला. बायकोने स्वेटर उतरवून भाऊजींच्या हातात दिला. तो उबदार तर होताच, थोडा ओलाही होता. भाऊजींनी तो तिथल्या तिथे अंगात घातला, तिला "झकास बसला गं" म्हणाले, आणि पाठ करून फळ्या पुसायला लागले. निरीक्षकांनी बॅग उघडून पितळी वजन काढलं, गल्ल्यावर ठेवलं, तोंड उघडलं आणि पोत्यांवर बसलेल्या दोघांना ओळखलं. त्या दिवशीच्या सहा गिऱ्हाइकांतले दोन! दोघेही त्यांच्याकडेच पाहत होते.

भाऊजी, माझं चुकलं. घशापर्यंत आलं होतं. बाहेर मात्र भलतंच पडलं.

"आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही!"

आणि एकदा गाडी उताराला लागल्यावर ती थांबते कुठे? विमानतळाचे सातच्या सात काटे खोटे निघाले, निरीक्षक सांगत होते. वीस वीस ग्रॅमने! एका माणसाने, एका वजनाने, सात काटे पकडले. मोठा साहेब धावत आला. विमान अर्धा तास थांबवून ठेवलं. खुद्द पायलट खाली उतरून म्हणाला, तुम्ही होतात म्हणून, नाहीतर आज एवढ्या वजनाने आम्ही कुठे कोसळलो असतो कोण जाणे.

"अगं बाई," ताई म्हणाली. "मग?"

"मग काय! म्हणाले, सगळे काटे आजच बदलतो. माझी बॅगसुद्धा मला उचलू दिली नाही त्यांनी. स्वतः घेऊन गेले."

"हे मात्र खरं," बायको छताकडे बघत म्हणाली.

पोत्यांवरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. निरीक्षकांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी ते प्यायले.

फळ्या पुसायचा आवाज थांबला होता. भाऊजींनी स्टूल ओढलं, गुडघ्यावर हात देऊन त्यावर चढले आणि सगळ्यात वरच्या फळीवरून एक लोखंडी वजन खाली आणलं. अकरा वर्षांची धूळ त्यांनी नव्या स्वेटरच्या बाहीने पुसली आणि ते तराजूच्या एका पारड्यात ठेवलं. मग निरीक्षकांचं पितळी वजन उचलून दुसऱ्या पारड्यात ठेवलं. पितळी पारडं खाली गेलं, त्या दिवशी गेलं होतं तेवढंच. खणातून भाऊजींनी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि पितळी वजन पोटाशी धरून एक स्क्रू फिरवला. दुसरा. तिसरा जरा अडला, त्यावर फुंकर मारली. चौथा निघाला. पाटी त्यांनी निरीक्षकांच्या तळहातावर ठेवली, चारही स्क्रू मोजून तिच्यावर ठेवले, आणि वजन परत पारड्यात सोडलं.

दोन्ही पारडी जराशी डुलली आणि बरोबरीला येऊन उभी राहिली.

भाऊजी वळले. निरीक्षकांना अकरा वर्षांनी त्यांचा चेहरा दिसला. तो बराच म्हातारा झाला होता आणि त्याच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं.

"छोट्या," भाऊजी सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ते सातही काटे खरे होते. वीस ग्रॅमची थाप मारणारा एकच आहे, आणि त्याचं नाव तुझ्या हातातल्या पाटीवर आहे."